बंद पडलेला जुना संगणक म्हणजे जळालेला मदरबोर्ड नव्हे

गेल्या काही आठवड्यांपासून आपल्याकडच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरत असून तो मलाही चार जणांनी पाठवला. त्याचा आशय असा: पाच वर्षांहून जुना संगणक सुरू होत नसेल तर त्याचा मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जोडणारा मुख्य बोर्ड, जळालेला असतो, मायक्रोसॉफ्टने जुनी विंडोज बंद केल्यामुळेही असे संगणक सुरू होत नाहीत, घरीच प्रयत्न करायचा असल्यास बोर्डावरचा सेल काढून परत बसवावा, रॅम, म्हणजे स्मृतीची पट्टी, खोडरबराने घासावी, तीन बीप आल्यास ती बदलावी, एवढ्याने भागले नाही तर फॉरमॅट मारावा, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकावी, आणि हार्ड डिस्क सापडतच नसेल तर ती रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवावी. परभणीत संगणकदुरुस्ती करताना माझ्यासमोर रोज हीच यंत्रे येतात. या संदेशातल्या दोनतीन गोष्टी अर्धवट खऱ्या आहेत आणि लोक त्यामुळेच त्यावर विश्वास ठेवून स्वतःचे नुकसान करून घेतात, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

मदरबोर्डाचा दावा आधी घेऊ. बटण दाबल्यावर काहीच न होणे, पंखा फिरूनही डिस्प्ले न येणे आणि कंपनीचे चिन्ह दिसूनही विंडोज न येणे, या तिन्ही गोष्टींना आपण ‘चालू होत नाही’ असेच म्हणतो. पण त्यांची कारणे वेगवेगळी असतात आणि पहिल्या प्रकारात संशय सर्वांत आधी एसएमपीएसवर, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यावर घ्यायला हवा. सेलूजवळच्या गावातले एक निवृत्त गुरुजी मागच्या उन्हाळ्यात आपला कॅबिनेट घेऊन आले. बटण दाबले की पंखा एकदा थरथरायचा आणि थांबायचा. दुसरीकडे त्यांना ‘बोर्ड गेला, भंगारात द्या’ असे सांगण्यात आले होते. भाव येईल म्हणून कापूस घरातच भरून ठेवलेला, त्यामुळे झाकण उघडले तेव्हा प्रोसेसरवरच्या हीटसिंकच्या, म्हणजे त्याची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांमध्ये रुईचे तंतू गादीसारखे दाबून बसले होते. ते साफ केले, पण थरथर तशीच राहिली. मग चोवीस पिनांच्या जोडणीतल्या जांभळ्या तारेवर व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर लावला. संगणक बंद असतानाही, भिंतीवरचे बटण चालू असेपर्यंत, तिथे ५ व्होल्ट मिळालेच पाहिजेत. मिळत होते ३.८. एसएमपीएस बदलला आणि बोर्ड पहिल्याच प्रयत्नात उठला.

आपल्याकडे हे वारंवार का घडते, तेही सांगायला हवे. विजेचा दाब खालीवर होतो, वळवाच्या पावसाआधी विजा कडाडतात, कित्येक घरांत अर्थिंग नावापुरतेच असते आणि मे महिन्यातली उष्णता कॅबिनेटच्या आतली हवा आणखी तापवते. या सगळ्याचा पहिला मार एसएमपीएसमधल्या आणि बोर्डावरच्या कपॅसिटरांवर, म्हणजे वीज साठवणाऱ्या छोट्या नळकांड्यांवर, बसतो. ज्याचे सपाट डोके वर फुगले आहे किंवा ज्यातून तपकिरी चिकट द्रव आला आहे, तो कपॅसिटर निकामी समजावा. सकाळी चारपाच वेळा बटण दाबल्यावर सुरू होणारा आणि मग दिवसभर नीट चालणारा संगणक बहुधा हेच सांगत असतो. बोर्डावरचे असे कपॅसिटर कुशल कारागीर बदलून देतो. एसएमपीएसचा डबा मात्र घरी उघडू नये, कारण त्यातला मोठा कपॅसिटर वायर काढल्यानंतरही ३०० व्होल्टच्या वर भारलेला राहू शकतो.

विंडोजबद्दलचा दावा सरळ चुकीचा आहे. विंडोज ७ ला मिळणारा मायक्रोसॉफ्टचा आधार (सपोर्ट) १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हे खरे आहे. पण त्याने सुरक्षेच्या सुधारणा यायच्या थांबतात, यंत्र सुरू व्हायचे थांबत नाही. अशा संगणकावर बँकेचे व्यवहार करू नयेत, एवढा इशारा योग्य ठरला असता.

सेलच्या बाबतीत संदेश अर्धा खरा आहे. सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा सेल बायोसमधली, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डावरच्या प्रणालीतली, घड्याळाची वेळ आणि नेमणी (सेटिंग्ज) सांभाळतो, आणि चुकीच्या नेमणीमुळे अडकलेला बोर्ड कधीकधी सेल काढल्यावर मोकळा होतो. मात्र त्याच वेळी सगळी नेमणी मूळपदावर जाते. जुन्या बोर्डावर हार्ड डिस्कशी संपर्क साधण्याची पद्धत एएचसीआय या नव्या प्रकारावरून आयडीई या जुन्या प्रकारावर गेली, तर कालपर्यंत येणारी विंडोज आज निळा पडदा दाखवून थांबते आणि माणूस डिस्क गेली असे समजतो. सेल काढण्यापूर्वी, डिस्प्ले येत असेल तर, बायोसच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत.

रॅम काढून पुन्हा घट्ट बसवण्यानेच बऱ्याचदा काम होते. खरखरीत खोडरबर सोनेरी मुलामा खरवडतो, त्याऐवजी आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेले कापड वापरावे. बीपची भाषा प्रत्येक बायोसची वेगळी असते: एएमआय कंपनीच्या बायोसमध्ये तीन छोट्या बीप स्मृतीकडे बोट दाखवतात, तर अवॉर्ड कंपनीच्या बायोसमध्ये एक लांब आणि दोन छोट्या बीप डिस्प्लेचा दोष सांगतात. कित्येक कॅबिनेटांना तर छोटा स्पीकरच जोडलेला नसतो.

या संदेशातला सर्वांत घातक सल्ला फॉरमॅटचा आहे आणि त्याबद्दल मला मनापासून राग येतो. ज्या संगणकावर अक्षरही उमटत नाही, त्याचे काम विंडोजपर्यंत पोहोचलेलेच नसते, मग फॉरमॅटने काय दुरुस्त होणार? आणि पडद्यावर योग्य बूट डिव्हाइस निवडण्याची सूचना येत असेल, तर बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम शाबूत आहेत, फक्त डिस्क सापडत नाही किंवा तिच्यावरची प्रणाली वाचता येत नाही. तिथे आधी मागे विसरलेला पेनड्राइव्ह काढावा, डिस्क बोर्डाला जोडणारी साटा केबल दोन्ही टोकांना दाबून पाहावी, बायोसमध्ये डिस्कचे नाव येते का ते पाहावे. नाव येत असेल तर पेनड्राइव्हवरून लिनक्स ही विंडोजऐवजी चालणारी प्रणाली सुरू करून फायली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र ती लगेच बंद करावी, कारण त्यानंतरचा प्रत्येक प्रयत्न तिला आणखी खराब करू शकतो. फ्रीजरमुळे तर बाहेर काढताच तिच्यावर दव धरते, तोच ओलावा आतल्या तबकड्यांवरही बसू शकतो आणि उरलीसुरली आशाही जाते.

बोर्ड खरोखरच गेला असला, तरी डिस्कवरच्या फायली सहसा जागच्या जागी असतात. डिस्क काढून स्वतःचा वीजपुरवठा असलेल्या साटा-यूएसबी जोडणीने दुसऱ्या संगणकाला लावली की त्या दिसतात. गुरुजींच्या डिस्कवर मुलीच्या लग्नाचे फोटो आणि त्यांनी स्वतः टंकलेली घराण्याची वंशावळ होती. संगणक घरी नेण्याआधी या दोन्हींची प्रत त्यांनी माझ्यासमोर पेनड्राइव्हवर घेतली.