निर्णयाला धक्का न लावता मूल्यमापन कसे करावे

संस्थेच्या एखाद्या कार्यक्रमाचे मूल्यमापन करून घेण्याची वेळ आपल्यावर आलीच, तर प्रथम तो कार्यक्रम पुढे चालू ठेवण्याचा निर्णय घेऊन टाकावा, पुढच्या टप्प्याचे अंदाजपत्रक मंजूर करून घ्यावे आणि मगच मूल्यमापकाच्या शोधाला लागावे. हा क्रम उलटा झाला, तर आकड्यांना नको तितके महत्त्व येते आणि पुढे ते डोईजड होतात.

मूल्यमापकाची पारख पहिल्याच बैठकीत होते. काही मूल्यमापक बसल्या बसल्या विचारतात, "या अभ्यासातून अमुक निष्कर्ष निघाला तर तुम्ही काय वेगळे कराल? तो निर्णय कोण घेणार आणि कधी?" असा माणूस धोकादायक समजावा. प्रत्येक प्रश्नाला एक निर्णय, एक माणूस आणि एक तारीख जोडली गेली की अहवाल कपाटात ठेवण्याची सोयच उरत नाही. अशा वेळी "आम्हाला यातून शिकायचे आहे" असे नम्रपणे सांगावे. शिकण्याला मुदत नसते आणि कोणी नापासही होत नाही.

कार्यक्रमापूर्वीची स्थिती मोजून ठेवण्याच्या फंदात पडू नये. 'बैल गेला अन् झोपा केला' ही म्हण इतरांसाठी टोमणा असेल, आपल्यासाठी ती कार्यपद्धती आहे. दोन-तीन वर्षांनी लोकांनाच विचारावे, की पूर्वी किती वाईट होते. माणसाची स्मरणशक्ती विचारणाऱ्याचे मन राखण्यात तरबेज असते. पूर्वस्थिती मोजणे अगदीच टळत नसेल, तर त्या वर्षी ज्या केंद्रांचे निकाल सर्वांत वाईट लागले तीच निवडावीत. एखाद्या वर्षीच्या अतिवाईट निकालात दुर्दैवाचाही वाटा असतो, त्यामुळे कोणी काहीही केले नाही तरी पुढच्या वर्षी ते आकडे सहसा आपोआप सरासरीच्या दिशेने सरकतात. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणे म्हणतात. अहवालात याला कार्यक्रमाचे यश म्हणावे. मात्र कार्यक्रम न मिळालेल्या तशाच केंद्रांशी तुलना करण्याची सूचना आली, तर ती ठामपणे फेटाळावी, कारण तिथेही तीच चढण दिसण्याची भीती असते. "कोणाला लाभापासून वंचित ठेवणे आमच्या तत्त्वात बसत नाही" हे वाक्य अशा वेळी उत्तम काम देते. निधीअभावी निम्मी केंद्रे प्रतीक्षायादीत आहेत आणि ती आपोआपच वंचित आहेत, याची आठवण सहसा कोणी करून देत नाही.

खरा भरवसा ठेवावा तो समाधानाच्या प्रश्नावलीवर. "या प्रशिक्षणाचा आपल्याला किती उपयोग झाला?" असा प्रश्न असावा आणि त्याखाली 'अत्यंत', 'खूप' व 'बऱ्यापैकी' असे तीन चौकोन असावेत. फॉर्म प्रशिक्षकानेच वाटावा, प्रमाणपत्रांचा गठ्ठा हातात धरूनच तो गोळा करावा आणि मध्येच सोडून गेलेल्यांना शोधत बसू नये.

या उपायाची ताकद किती आहे, हे अमेरिकेतील केंब्रिज आणि सॉमरव्हिल येथे १९३९ मध्ये सुरू झालेल्या उपक्रमावरून कळते. मुले गुन्हेगारीकडे वळू नयेत म्हणून त्यांच्यातील एका गटाला समुपदेशन, शिकवणी, शिबिरे असे बरेच काही वर्षानुवर्षे पुरवले गेले, आणि तशाच दुसऱ्या गटाला काहीही दिले नाही. कोण कोणत्या गटात, हे नाणेफेकीने ठरले होते. सुमारे तीस वर्षांनी गुन्हेशास्त्रज्ञ जोन मॅककॉर्ड यांनी या मुलांचा माग काढला आणि १९७८ मध्ये निष्कर्ष मांडले. प्रौढ वयात त्यांच्याशी संपर्क साधला गेला, तेव्हा उत्तर देणाऱ्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणांनी कार्यक्रमाचा आपल्याला उपयोग झाला असे सांगितले. नोंदी मात्र उलटेच सांगत होत्या: पुन्हा गुन्हा करणे, दारूचे व्यसन, अकाली मृत्यू अशा बाबतींत मदत मिळालेल्यांचीच स्थिती अधिक वाईट होती. नाण्याने ठरलेला तो दुसरा गट नसता, तर हा उपक्रम आजही आदर्श म्हणून मिरवला असता. अशी बेसावध वागणूक आपल्या हातून होता कामा नये.

निर्देशकांच्या, म्हणजे यश मोजण्यासाठी निवडलेल्या आकड्यांच्या, बाबतीत डोनाल्ड कॅम्बेल या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकातच मार्ग दाखवून ठेवला आहे. निर्णयांसाठी एखाद्या आकड्याचा जितका अधिक वापर होतो, तितका तो आकडा भ्रष्ट होण्याचा दबाव वाढतो आणि ज्या कामावर नजर ठेवायची तेही बिघडते, असे त्यांनी सांगितले. ते हा इशारा समजत होते. आपण ती कृतिपुस्तिका समजावी. कार्यकर्त्याची बढती घेतलेल्या बैठकांच्या संख्येला जोडावी, म्हणजे एका बैठकीच्या तीन बैठका कशा होतात हे शिकवावे लागत नाही. कामाची प्रगती रंगांत दाखवणाऱ्या डॅशबोर्डवर एखादा चौकोन लाल झालाच, तर उद्दिष्ट खाली आणावे. कामाला हात लावण्यापेक्षा हे लवकर उरकते.

इतके करूनही तुलना झालीच आणि अहवालाच्या मसुद्यात "दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही" असे वाक्य आलेच, तर घाबरून जाऊ नये. पहिल्या फेरीत त्याचे "संमिश्र परिणाम दिसून आले" करून घ्यावे. दुसऱ्या फेरीत सर्व उपगट चाळावेत. वय, लिंग, केंद्र आणि हंगाम यांच्या पुरेशा जोड्या तपासल्या की एखादीत निव्वळ योगायोगानेही फरक सापडतो, आणि मग "विशिष्ट गटांत आशादायक कल" असे लिहिता येते. तिसऱ्या फेरीपर्यंत "भावी परिणामांची भक्कम पायाभरणी" तयार होते. मूळ वाक्य परिशिष्टात, तक्त्याच्या तळटीपेत, बारीक अक्षरांत राहू द्यावे. प्रामाणिकपणाला आपला विरोध नाही, फक्त त्याची जागा ठरलेली असावी.

शेवटी शिफारशींना व्यवस्थापनाचे लेखी उत्तर द्यावे लागते. एकही शिफारस फेटाळू नये, कारण फेटाळण्याला कारण द्यावे लागते. प्रत्येकीसमोर 'अंशतः मान्य' असे लिहावे, कोणता अंश ते लिहू नये, 'जबाबदार व्यक्ती' या रकान्यात 'सर्व संबंधित' आणि 'मुदत' या रकान्यात 'सातत्याने' असे भरून सही करावी.