तळीराम सगळ्यांनाच व्हायचंय

बीएच्या पोरापोरींना 'एकच प्याला' शिकवणं काही अवघड नाही हो, अवघड आहे ते त्याच्यावरचं 'सर्जनशील गटकार्य'. आजकाल नुसतं शिकवून भागत नाही ना, इंटर्नलचे २० मार्क द्यायचे तर उपक्रम पाहिजे, उपक्रमाचा अहवाल पाहिजे, अहवालात जिओटॅगवाले फोटो पाहिजेत आणि फोटोत सगळे हसरे पाहिजेत. नाटकात बायको, पोरगं, नवरा सगळे मरतात, पण फोटोत हसायचं.

मी म्हटलं चला, निदान हे नाटक तरी आपल्या हक्काचं आहे. राम गणेश गडकरी गेले ते इथंच, नागपूरजवळच्या आपल्या सावनेरला, २३ जानेवारी १९१९ ला, वय अवघं ३३, आणि 'एकच प्याला' रंगभूमीवर आलं ते त्यांच्या माघारी, गंधर्व नाटक मंडळीनं केलं, नायकाची बायको सिंधू म्हणजे खुद्द बालगंधर्व. हे मी वर्गात इतकं जीव तोडून सांगितलं की माझाच गळा दाटून आला, आणि तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न, "मॅडम, हे गडकरी म्हणजे उड्डाणपूलवाले का?" नागपुरात मराठी शिकवायचं म्हणजे हे धरूनच चालावं लागते.

तर मग गट पाडले. गट पाडणं हा एक वेगळाच अंक आहे, ज्याची त्याची दोस्ती, ज्याचं त्याचं भांडण, आणि एक मुलगी हळूच येऊन सांगणार की मॅडम मला 'त्याच्या' गटात टाकू नका, 'तो' म्हणजे कोण हे सगळ्या वर्गाला माहीत, मलाच नाही. ते कसंबसं निस्तरलं तर पात्रं कोणी व्हायचं यावर जुंपली. प्रत्येक गटात प्रत्येक पोराला तळीरामच व्हायचं होतं. सुधाकर कोणालाच नको. अरे, नायक आहे तो, म्हटलं, हुशार वकील, कोर्टात तोंड सोडतो, सनद जाते, दुःख विसरायला पहिला घोट घेतो, किती मोठा रोल आहे! तर एक जण म्हणतो, "नाही मॅडम, तो लै रडते."

आणि खरं सांगू का, पोरांचं काही चुकत नाही. तळीराम, म्हणजे सुधाकरचा कारकून, गडकऱ्यांनीच तसा लिहून ठेवलाय. दारू प्यायला रीतसर 'आर्य मदिरा मंडळ' काढतो, मरायला टेकला तरी त्याच्या खाटेशी वैद्य आणि डॉक्टर असे झोंबतात की आपण हसत सुटतो. सुधाकरच्या वाट्याला पश्चात्ताप, सिंधूच्या वाट्याला जातं, आणि टाळ्या घेणार तळीराम. दारूच्या विरोधात लिहिलेल्या नाटकात दारुड्याच भाव खाऊन जातो, ही गडकऱ्यांची गंमत म्हणावी का पंचाईत, हे मला इतकी वर्षं शिकवूनही ठरवता आलं नाही.

असो. पहिल्या गटानं मंडळाची बैठक करायचं ठरवलं. बैठकीला बाटल्या लागतात. मी सांगितलं होतं, पाण्याच्या बाटल्यांना कागद चिकटवा, पण नाही, पोरांना 'रिअल फील' पाहिजे होता. कुठल्याशा कबाडीवाल्याकडून पोतंभर रिकाम्या बाटल्या आणल्या आणि सकाळी सकाळी ते पोतं खांद्यावर टाकून खळखळ खळखळ करत आले गेटवर. वॉचमन काकांनी अडवलं, "कायचं पोतं आहे बे?" पोरगा शांतपणे म्हणाला, "मराठी डिपार्टमेंटचं आहे काका, मॅडमनं मंगवलं."

झालं. बातमी माझ्या आधी स्टाफरूममध्ये पोचली. मी आत शिरले तर सगळे एकदम चूप, आणि इकॉनॉमिक्सचे सर, जे एरवी माझ्याशी फक्त पंख्याच्या स्पीडवरून बोलतात, ते आदरानं खुर्ची सरकवून म्हणतात, "बसा मॅडम, कसं चाललंय?" वरून नेमकी त्याच दिवशी तपासणीची कमिटी यायची होती. प्राचार्यांनी शिपाईमामांना सांगितलं ते पोतं कुठंतरी लपवा, मामांनी लपवलं ते माझ्याच कपाटात, संदर्भग्रंथांच्या मागे, आणि कमिटीतल्या बाईंना नेमके संदर्भग्रंथच पाहायचे होते. मी कपाट उघडलं. कोशाच्या खंडांच्या मागून एक क्वार्टर घरंगळत आली ती थेट बाईंच्या चपलेशी थांबली. तिच्यावर पोरांनी सुंदर अक्षरात लेबल चिकटवलं होतं, 'आर्य मदिरा मंडळ, आजीव सदस्य'. बाईंनी ते चष्मा वर करून वाचलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

बाटल्या परत कोणी न्यायच्या, याच्यावर पुन्हा वाद. गटातला एक पोरगा वर्ध्याहून अपडाऊन करतो, त्यानं तर हातच वर केले, "मॅडम, आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे, मी रिकामीबी नेत नाही." ज्ञान कुठं कामी येईल सांगता येत नाही.

दुसऱ्या गटाला जातं पाहिजे होतं, सिंधूच्या दळणासाठी. थर्माकोलचं करा म्हटलं तर महाल भागातल्या कोणाच्या तरी आजीकडून खरंच दगडी जातं उचलून आणलं, ॲक्टिव्हाच्या पायदानावर ठेवून, आणि सक्करदऱ्याला गाडी पंक्चर झाली. तिथून ते ऑटोत आलं. ऑटोवाल्यानं जात्याचं वेगळं भाडं लावलं म्हणे.

तिसऱ्यांनी पात्रांचा व्हॉट्सॲप ग्रुप बनवून त्याचे स्क्रीनशॉट चार्टवर लावले. यात पहिलीच ओळ होती 'रामलाल लेफ्ट', कारण सुधाकरचा मित्र रामलाल पहिल्याच अंकात विलायतेला निघतो, आणि मला ते मनापासून आवडलं, मी कौतुकही केलं. त्यांचंच पाहून चौथ्यांनी सिंधूची डायरी लिहिली, म्हणजे मोबाईलकडून लिहून घेतली. "आज मी स्वतःला प्राधान्य द्यायचं ठरवलं आहे, नकारात्मक व्यक्तींपासून अंतर राखणं गरजेचं आहे." सिंधू हे वाचून जात्यावरच हसत सुटली असती. पाचवा गट माहितीपट काढायला सावनेरला गेला. त्यात कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या आल्या, छिंदवाडा रोडवरचा ढाबा आला, ढाब्यावरची शेवभाजी क्लोजअपमध्ये आली, गडकरी शेवटी एका वाक्यात आले.

शेवटी उरला खटला. 'सुधाकर विरुद्ध समाज' असं भारदस्त नाव, पण आरोपीच्या पिंजऱ्यात तळीरामच उभा. मी म्हटलं, "अरे, तो आधीच मरतो ना?" तर न्यायाधीश म्हणतात, "मॅडम, तो ऑनलाईन हजर आहे." सुधाकर स्वतःच वकील, त्यामुळे स्वतःचीच केस लढून राहिला, सनद नसताना. न्यायाधीशांना तर्रीपोह्याच्या ठेल्यावर जायची घाई, कारण ठेला अकराला आवरतो, म्हणून ते प्रत्येक साक्षीदाराला "थोडक्यात बोला" म्हणत होते.

मग सिंधूची साक्ष निघाली. नाटकात काय आहे, तर सुधाकरच्या काठीनं पोर जातं, ती स्वतः मरणाला टेकते, आणि तरी फौजदारापुढं सांगते की मी आपणच पडले. आपल्या साहित्यातली ही केवढी मोठी जागा, इथं पिढ्यान् पिढ्या थिएटरं रडली असतील, मी आपला रुमाल काढून बसले. सिंधू झालेली मुलगी उभी राहिली. या पोरीनं संवाद लिहिले होते, पीपीटी बनवली होती, रात्री जागून कोर्टाचं बॅनर रंगवलं होतं, आणि बाकीचे सगळे "झालं का गं?" एवढं विचारायला फोन करत होते. न्यायाधीशांनी विचारलं, "तुम्हाला कोणी मारलं?"

ती म्हणाली, "यानंच मारलं. लिहून घ्या. आणि चार्टबी यानं बनवला नाही."

सगळा वर्ग बाकं वाजवायला लागला. सुधाकर झालेला पोरगा "अबे, स्क्रिप्टमध्ये हे नाही ना" म्हणत माझ्याकडे पाहून राहिला. मी काय बोलणार, मीच टाळ्या वाजवत होते. निकाल काही लागला नाही, न्यायाधीश पोहे खायला निघून गेले.

मार्क भरायच्या दिवशी पोर्टल नेहमीप्रमाणे गोल गोल फिरत बसलं, आणि यादीत एक नाव असं निघालं की तो पोरगा मी सबंध सेमिस्टरमध्ये पाहिलाच नव्हता. तिसऱ्या गटाचा. निरोप पाठवला तर आला, हातात हेल्मेट, चेहऱ्यावर पूर्ण समाधान.

"कुठं होतास रे? गटात तुझं काम काय होतं?"

"मॅडम, मी रामलाल होतो ना."

"म्हणजे?"

"म्हणजे तो पहिल्याच अंकात विलायतेला जाते. तुम्हीच तं कौतुक केलं म्हणे."

"अरे, पण तो नंतर परत येतो!"

"मंग," हेल्मेट या हातातून त्या हातात घेत तो म्हणाला, "मीबी आलोच ना."