शेजाऱ्याचा वाय-फाय पासवर्ड एका कमांडने दिसत नाही

सांगली, मिरज आणि कुपवाडमधल्या सोसायट्यांच्या, दुकानदारांच्या आणि पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश पुन्हा पुन्हा फिरून येतो. त्याचा आशय असा की, विंडोजच्या संगणकावर काळ्या खिडकीत एक ओळ टाइप केली की परिसरातल्या कोणत्याही वाय-फायचा पासवर्ड समोर येतो. मायक्रोसॉफ्टने मुद्दाम ठेवलेली ही चोरवाट आहे. तिच्यापासून वाचायचे असेल तर आपल्या नेटवर्कचे नाव लपवावे. आणि स्वतःचाच पासवर्ड विसरला असेल तर राऊटरच्या मागच्या बारीक भोकात टाचणी घालून तो रिसेट करावा. शेवटी पासवर्ड शोधून देणाऱ्या एका ॲपची लिंकही जोडलेली असते. यातला एकही दावा लिहिला आहे तसा खरा नाही. मात्र त्यांच्या मुळाशी असलेली कमांड खरी आहे आणि तिचा चांगला उपयोगही आहे, म्हणून संदेशाला नुसते ‘फेक’ म्हणून सोडून न देता एकेक दावा तपासून पाहणे बरे.

पहिला दावा परिसरातल्या सगळ्या पासवर्डांचा. विंडोज व्हिस्टा आणि त्यानंतरच्या विंडोजमध्ये वाय-फायसाठी ‘नेटश’ नावाची कमांड चालते. कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे ती काळी खिडकी, उघडून ‘नेटश डब्ल्यूलॅन शो प्रोफाइल्स’ असे अर्थातच रोमन अक्षरांत लिहिले की नावांची एक यादी येते. त्यातले एक नाव देऊन शेवटी ‘की’, बरोबरचे चिन्ह आणि ‘क्लिअर’ असे जोडले की ‘की कंटेंट’ या ओळीसमोर पासवर्ड उघड अक्षरांत दिसतो. इथवर संदेश बरोबर आहे. चूक होते ती ही यादी कशाची आहे हे समजून घेण्यात. गावभागातल्या दाट वस्तीत लॅपटॉप उघडून वाय-फायच्या चिन्हावर क्लिक केले तर शेजारपाजारच्या अनेक नेटवर्कांची नावे दिसतात. कमांडची यादी ती नव्हे. कमांड फक्त तीच नावे दाखवते, जी या संगणकात साठवलेली आहेत, म्हणजे सहसा ज्यांच्याशी तो पूर्वी कधीतरी जोडला गेला आणि ज्यांचा पासवर्ड तेव्हा कोणीतरी त्यात टाइप केला. जे संगणकाला कधी सांगितलेच नाही ते तो दाखवणार कुठून?

शेजाऱ्याचा पासवर्ड संगणकाला हवेतून आयता मिळत असेल, अशी शंका काहींना येते. राऊटर आपले नाव सेकंदाला साधारण दहा वेळा हवेत सोडत असतो, पण पासवर्ड सोडत नाही. एवढेच नव्हे, तर आपण जोडणी करतो त्या क्षणीसुद्धा पासवर्ड हवेतून जात नाही. २००४ साली आलेल्या डब्ल्यूपीए-२ या वाय-फाय सुरक्षेच्या पद्धतीत संगणक आणि राऊटर दोघेही पासवर्ड आणि नेटवर्कचे नाव एकत्र घेऊन, त्यावर ४,०९६ फेऱ्यांची गणिती प्रक्रिया करून २५६ बिटांची एक किल्ली आपापल्या जागी तयार करतात, आणि मग चार निरोपांच्या देवाणघेवाणीतून आपल्याकडची किल्ली समोरच्याच्या किल्लीशी जुळते एवढेच एकमेकांना पटवून देतात. किल्ली स्वतः कधीच पाठवली जात नाही. म्हणूनच शेजारच्या नेटवर्कचे नाव पडद्यावर स्पष्ट दिसत असूनही त्याचा पासवर्ड कोणतीही कमांड छापून देऊ शकत नाही.

मग ‘मी स्वतः करून पाहिले, शेजाऱ्यांचा पासवर्ड खरोखर आला’ असे सांगणारे लोक खोटे बोलतात का? बहुधा नाही. कधीतरी आपले नेट बंद पडले असताना शेजाऱ्याने आपणहून येऊन पासवर्ड टाकून दिलेला असतो, मुलाने अभ्यासासाठी मागून घेतलेला असतो, किंवा लॅपटॉप जुना विकत घेतलेला असतो आणि आधीच्या मालकाची नेटवर्के त्यात तशीच राहिलेली असतात. यादीत शेजाऱ्याचे नाव दिसले की माणसाला वाटते आपण काही तरी फोडले. वास्तविक संगणकाने जुनी आठवण सांगितलेली असते.

या आठवणीलाही मर्यादा आहेत, आणि त्यांचा संदेशात उल्लेख नाही. राऊटरवर पासवर्ड नंतर बदलला असेल आणि हा संगणक त्यानंतर जोडलेला नसेल, तर कमांड जुनाच पासवर्ड दाखवेल. कोणी नेटवर्क ‘फर्गेट’ केले, म्हणजे साठवणीतून काढून टाकले असेल तर ते नाव यादीतूनच गेलेले असते. महाविद्यालयांत किंवा मोठ्या कार्यालयांत प्रत्येकाला वेगळे नाव व पासवर्ड देऊन चालणारे वाय-फाय असते, त्यात सगळ्यांचा असा एकच पासवर्ड नसतो, म्हणून ‘की कंटेंट’ची ओळही मिळत नाही. आणि मार्केट यार्डातल्या अडतीवर किंवा एखाद्या कर सल्लागाराच्या ऑफिसात असतो तसा, केबलनेच नेट घेणारा डेस्कटॉप असेल आणि त्यात वाय-फायचे कार्डच नसेल, तर ही कमांड नुसती ‘सेवा चालू नाही’ असे सांगून थांबते.

दुसरा दावा चोरवाटेचा. हा दावा मला सगळ्यांत विचार करण्याजोगा वाटतो, कारण त्यामागचा प्रश्न रास्त आहे. संगणकात शिरताना आपण जो पासवर्ड देतो तो विंडोज कधीच दाखवू शकत नाही, बँकेची वेबसाइटही आपला पासवर्ड आपल्याला सांगत नाही. मग वाय-फायचाच पासवर्ड असा उघड का दिसतो? उत्तर दोघांच्या भूमिकांत आहे. बँक पासवर्ड तपासणारी असते. तपासणाऱ्याला मूळ पासवर्ड जपून ठेवण्याची गरज नसते; त्याचा उलट न फिरवता येणारा गणिती ठसा ठेवला तरी भागते. वाय-फायच्या बाबतीत आपला संगणक तपासणारा नसतो, त्याला दर वेळी राऊटरसमोर स्वतःची ओळख पटवायची असते, आणि त्यासाठी किल्ली त्याच्याजवळ पुन्हा वापरता येईल अशा रूपात असावीच लागते. आपण लॉगिन करण्याच्या आधी, कुलूपबंद पडद्यावरच, लॅपटॉप वाय-फायला जोडला गेलेला असतो हे अनेकांनी पाहिले असेल. तसे व्हायचे असेल तर ही किल्ली आपल्या वैयक्तिक पासवर्डाखाली कुलूपबंद करून चालणार नाही. ती यंत्रणेच्या स्वतःच्या खात्याखाली ठेवावी लागते. विंडोज ती फाइलमध्ये सांकेतिक रूपातच ठेवते, पण ज्याच्याकडे त्या संगणकाचे प्रशासकाचे (ॲडमिनिस्ट्रेटरचे) अधिकार आहेत त्याला ती उलगडून दाखवते.

ही सोय लपवलेलीही नाही. कंट्रोल पॅनेलमध्ये जोडणीच्या माहितीतून ‘वायरलेस प्रॉपर्टीज’ आणि तिथे ‘सिक्युरिटी’ या भागात गेले की ‘शो कॅरेक्टर्स’ असा चौकोन वर्षानुवर्षे आहे. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्यांत तर सेटिंग्जमध्येच वाय-फायच्या माहितीत पासवर्ड पाहण्याचे बटण दिलेले आहे. मॅकमध्ये तो ‘कीचेन’ या पासवर्डांच्या साठ्यात आणि २०२२ पासूनच्या आवृत्त्यांत वाय-फायच्या सेटिंगमध्ये मिळतो, आयफोनवर आयओएस १६ पासून दिसतो, आणि अँड्रॉइड १० पासून क्यूआर कोडच्या रूपाने दुसऱ्याला देता येतो. सगळ्याच कंपन्यांनी उघडपणे दिलेल्या आणि मदतीच्या पानांवर समजावून सांगितलेल्या सोयीला चोरवाट म्हणण्यात अर्थ नाही.

तरीही एक धोका खरा आहे. घरातल्या संगणकावर बहुतेक वेळा एकच खाते असते आणि तेच प्रशासकाचे असते. त्यामुळे उघडा लॅपटॉप हाती आलेला कोणीही, मग तो दुरुस्तीवाला असो, पेइंग गेस्ट असो वा भाच्याचा मित्र, मिनिटभरात त्यातले सगळे साठवलेले पासवर्ड पाहू शकतो. जुना लॅपटॉप विकताना फोटो आणि टॅलीचा डेटा काढून घेण्याची काळजी लोक घेतात, पण वाय-फायची यादी तशीच जाऊ देतात. ‘रिसेट धिस पीसी’मध्ये सगळे काढून टाकण्याचा पर्याय निवडला, किंवा किमान ‘मॅनेज नोन नेटवर्क्स’मध्ये जाऊन प्रत्येक नाव काढून टाकले, तर हा प्रश्न राहत नाही. संदेश भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याची भीती घालतो आणि टेबलावरच्या उघड्या लॅपटॉपबद्दल चकार शब्द काढत नाही.

भिंतीपलीकडच्याला काहीच करता येत नाही, असेही मी म्हणणार नाही. वर सांगितलेले चार निरोप कोणी टिपून ठेवले तर नंतर निवांतपणे पासवर्डाचे अंदाज लावून पाहता येतात, आणि आपल्याकडे निम्म्या घरांत नेटवाल्याने जोडणी देताना ग्राहकाचा मोबाइल क्रमांकच पासवर्ड म्हणून टाकून दिलेला असावा, असा माझा समज आहे. भारतातले मोबाइल क्रमांक ६ ते ९ यांपैकी एका आकड्याने सुरू होतात, म्हणजे शक्यता चार अब्ज; सेकंदाला लाखो अंदाज तपासणाऱ्या ग्राफिक्स कार्डाला हे काम काही तासांचे आहे. आणि ज्या शेजाऱ्याकडे आपला नंबर आधीच आहे, त्याला तर पहिल्याच प्रयत्नात दार उघडेल. त्यावर उपाय लांब आणि अंदाज न येणारा पासवर्ड हा आहे. कमांडशी त्याचा संबंध नाही.

नेटवर्कचे नाव लपवण्याचा सल्ला थोडक्यात निकालात काढता येतो. नाव लपवल्याने साठवलेला पासवर्ड लपत नाही. कमांडच्या यादीत ते नाव पूर्वीसारखेच येते. एखादे उपकरण जोडले जाताना नाव हवेतून जातेच, त्यामुळे ऐकणाऱ्याला ते कळते. शिवाय लपवलेल्या नेटवर्काला आपोआप जोडायला लावलेला लॅपटॉप बाहेर गेल्यावर, अगदी मिरज जंक्शनवरसुद्धा, ते नाव घेऊन हाका मारत राहू शकतो. म्हणजे घरात लपवलेले नाव गावभर सांगितल्यासारखे झाले.

ॲपच्या लिंकबद्दलही फार लिहिण्याची गरज नाही. संगणकात जे साठवलेले आहे ते दाखवायला विंडोजला बाहेरच्या प्रोग्रॅमची मदत लागत नाही, आणि जे साठवलेले नाही ते हे ॲपही दाखवू शकत नाही. मग ते बसवून घेण्यात फायदा कोणाचा, हे वाचकाने ठरवावे. स्वतःच्या नेटवर्कचा, किंवा मालकाच्या परवानगीने दुसऱ्याच्या नेटवर्कचा पासवर्ड पाहणे गुन्हा नाही. परवानगीवाचून दुसऱ्याच्या नेटवर्कमध्ये शिरणे मात्र माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये येते, आणि ते अप्रामाणिक किंवा कपटी हेतूने केले असेल तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकते. ‘गंमत म्हणून करून पाहा’ म्हणत हा संदेश पुढे ढकलणाऱ्यांना हे माहीत असावे.

राहिला रिसेटचा सल्ला, आणि प्रत्यक्ष नुकसान यानेच सर्वांत जास्त होते. राऊटर बंद करून चालू करणे आणि रिसेट करणे यांत लोक गल्लत करतात. बंद-चालू केल्याने काही पुसले जात नाही. टाचणीने भोक दाबून धरले की राऊटर कारखान्यातून आला तेव्हाच्या स्थितीत जातो. तेव्हा वाय-फायचा पासवर्ड तर जातोच, पण नेट पुरवणाऱ्याने भरलेले यूजर-नाव, त्याचा पासवर्ड आणि जोडणीच्या इतर नोंदीही जाऊ शकतात. फायबरच्या जोडणीत त्या नोंदी बहुधा याच डब्यात असतात. मग वाय-फायचे नाव दिसते, स्टिकरवरचा पासवर्डही चालतो, पण नेट येत नाही, आणि नेटवाला येईपर्यंत घर बसून राहते. जीएसटीचे विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या दिवशी एखाद्या हळदीच्या पेढीवर असे झाले तर काय गोंधळ उडेल, हे सांगलीकरांना वेगळे सांगायला नको.

रिसेटच्या आधी करण्यासारखे बरेच असते. घरातला एक तरी लॅपटॉप किंवा फोन अजून जोडलेला असेल तर पासवर्ड त्यातच आहे. वर सांगितलेल्या मार्गाने तो पाहावा. राऊटरच्या खालचे स्टिकर वाचावे, मात्र तिथे अनेकदा दोन पासवर्ड असतात, एक वाय-फायचा आणि दुसरा राऊटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा, आणि पहिला तो कोणी बदललेला नसेल तरच चालतो. एकही उपकरण जोडलेले नसेल तर लॅनची केबल राऊटरमधून संगणकात लावावी, ब्राउझरमध्ये राऊटरचा पत्ता टाकावा, जो पुष्कळदा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो आणि कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ लिहिल्यास ‘डीफॉल्ट गेटवे’समोर दिसतो, आणि आत जाऊन वायरलेसच्या भागात पासवर्ड वाचावा किंवा नवा द्यावा. नवा दिला तर घरातली सगळी उपकरणे पुन्हा जोडावी लागतील, टीव्ही आणि कॅमेरेसुद्धा. सेटिंगमध्ये शिरण्याचा पासवर्डही कोणाला ठाऊक नसेल, तेव्हाच रिसेटची वेळ येते. आणि तेव्हाही टाचणी उचलण्यापूर्वी नेट पुरवणाऱ्याला फोन करून जोडणीचे यूजर-नाव आणि पासवर्ड कागदावर लिहून घ्यावा, किंवा हे काम त्याचा माणूस घरी आला असतानाच करावे.