'सॉरी' हा शब्द 'सॉरो'पासून आलेला नाही

इंग्रजी शिकवणाऱ्या एका संदेशात म्हटलंय की, 'सॉरो' म्हणजे दुःख, त्यावरूनच 'सॉरी' तयार झाला. वाचताना पटतं, पण ते चूक आहे. हे दोन शब्द सख्खे सोडाच, चुलतही नाहीत.

'सॉरो' हा जुन्या इंग्रजीतला 'सोर्ग'. त्यात शोकही होता आणि चिंताही. जर्मनमध्ये त्याच कुळातला 'झोर्गे' आज काळजी या अर्थाने वापरतात. स्वीडिशमध्ये मात्र 'सोर्ग' म्हणजे शोकच.

'सॉरी'चं मूळ जुन्या इंग्रजीतल्याच 'सार' या शब्दात आहे. सार म्हणजे ठणका, जखम. त्यावरून 'सारिग', म्हणजे दुखावलेला, व्यथित. जुना 'आ' पुढे 'ओ' झाला: 'बान'चा 'बोन', 'स्टान'चा 'स्टोन', तसा 'सार'चा 'सोर'. घसा दुखल्यावर आपण 'सोअर थ्रोट' म्हणतो ना, तोच हा सोर! 'सारिग'चा 'सॉरी' होताना स्वर आखूड झाला आणि उच्चार, अर्थ दोन्ही 'सॉरो'ला इतके बिलगले की नातं असल्याचा भास व्हावा. मध्येच दीनवाणा, टाकाऊ असाही अर्थ त्याला चिकटला. 'सॉरी स्टेट' म्हणतात तो.

माफीचा अर्थ नंतरचा. बसमध्ये कुणाला पाय लागला की आपण पटकन सॉरी म्हणतो. इंग्रज माणूस मात्र कुणी गेल्याचं कळल्यावरही 'आय अ‍ॅम सॉरी'च म्हणतो, आणि तिथे तो चूक कबूल करत नसतो. मला वाईट वाटतंय, एवढंच सांगत असतो.