दुकानात चालतंय, घरी चालत नाही: एका स्टारच्या रिव्ह्यूला दुकानमालकाचं उत्तर

नमस्कार काका. दुकानात तुम्हाला काकाच म्हणतो, म्हणून इथेही तेच.

आमच्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानाला एक स्टार देऊन तुम्ही रिव्ह्यूत लिहिलंय ते थोडक्यात असं: चांगला चालणारा लॅपटॉप आणून दिला, आम्ही विंडोज काढून लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टीम) टाकलं, १,२०० रुपये घेतले आणि घरी नेल्यापासून वायफाय धड लागेना. शाहूपुरीतून पोवई नाक्यापर्यंत तीन चकरा झाल्या. दर वेळी आम्ही लॅपटॉप टेबलावर उघडला, यूट्यूब लावून दाखवलं आणि 'आमच्याकडे तर चालतंय की' म्हणालो. तिसऱ्या वेळी दुकानातल्या पोराने 'राऊटर बघून घ्या' म्हणून हात झटकले. शिवाय आतलं चांगलं वायफाय कार्ड काढून जुनं बसवलं असावं ही शंका, आणि लिनक्स फुकट असतं तर पैसे कशाचे, हा प्रश्न.

कार्डाचं आणि पैशाचं खाली सांगतो. आधी चकरांचं. ती चूक आमची आहे. तुमच्या राऊटरचा यात काही दोष नाही.

परवा रात्री दुकान बंद करताना तुमचा रिव्ह्यू वाचला आणि एका वाक्यावर अडलो: 'राऊटरला चिकटून बसलं की चालतं, वरच्या खोलीत गेलं की गायब, मोबाईल मात्र तिथेच जोरात चालतो.' अर्धं ओढलेलं शटर तसंच ठेवून परत आत आलो. हे तुम्ही तोंडीसुद्धा सांगितलं असणार. आमच्या कानावर 'वायफाय चालत नाही' एवढंच पडलं.

तुमचं जॉब कार्ड, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदीचा कागद, काढलं. पोराने वायफाय कार्डाचा नंबर नीट लिहून ठेवला होता, तेवढी त्याला शाबासकी: आरटीएल८७२३बीई. हा नंबर बघून माझी ट्यूब पहिल्याच दिवशी पेटायला हवी होती.

हे कार्ड म्हणजे बोटाच्या दोन पेरांएवढी हिरवी पट्टी. तिच्या कडेला दोन बारीक पितळी बटणं असतात, त्यांवर अँटेनाची वायर टिचकन बसते. कार्ड एका वेळी एकच अँटेना वापरतं, म्हणून बऱ्याच लॅपटॉपमध्ये एकच वायर जोडलेली असते आणि दुसरं बटण मोकळं. वायर कोणत्या बटणावर आहे याची नोंद कार्डातल्या चिपमध्ये असते. काही लॅपटॉपमध्ये ही नोंदच चुकीची आहे. मग लिनक्सचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा छोटा प्रोग्राम) त्या नोंदीवर विश्वास ठेवतो आणि मोकळ्या बटणाला कान लावून बसतो. वायर नसलेल्या बटणालाही दोन हातांवरचा राऊटर ऐकू येतो. एक भिंत मध्ये आली की संपलं. 'विंडोजमध्ये कधी त्रास नव्हता' असं तुम्ही म्हणता, ते खरंच असणार. कार्ड तेच, ड्रायव्हर वेगळा.

आता आमचा राऊटर कुठे आहे? टेबलाच्या बरोबर वरच्या फळीवर. तिथे तुमचा लॅपटॉप चालणारच होता, तीनदा काय तीसदा चालला असता.

याहून लाज वाटावी अशी गोष्ट वेगळीच. पोवई नाक्यावर मोबाईलमध्ये वायफायची यादी उघडली तर सरकवून सरकवून अंगठा दुखतो, इतकी दुकानं आहेत. तुमच्या लॅपटॉपवर दोनच नावं दिसत होती, आमचं आणि शेजारच्या मेडिकलचं. ते मी स्वतः पाहिलं होतं. तेव्हाच विचारायला हवं होतं की बाकीचे गेले कुठे?

त्याऐवजी आम्ही काय केलं तेही सांगतो. पहिल्या चकरेला वायफायचं पॉवर सेव्हिंग बंद केलं. त्याने मध्ये मध्ये तुटणारं कनेक्शन बरेचदा सुधारतं, पण तुमचा आजार तो नव्हता. दुसऱ्या चकरेला फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारा प्रोग्राम) नव्याने टाकलं आणि लिनक्सच्या जुन्या कर्नलवर, म्हणजे त्याच्या गाभ्याच्या जुन्या आवृत्तीवर, चालवून पाहिलं. तिसऱ्या वेळी पोराने राऊटरचा चॅनल बदलायला सांगितलं. हा सल्ला एरवी चुकीचा नाही. लॅपटॉपमध्ये देशाची सेटिंग भारताची नसेल तर १२ आणि १३ नंबरच्या चॅनलवरचा राऊटर कधी कधी दिसतच नाही. पण मग तो जवळूनही दिसला नसता. तुमचा तर राऊटरजवळ दिसत होता, चालतही होता. एवढं आमच्या लक्षात यायला हवं होतं.

काल रात्री करून पाहिलं. याच कार्डाचा, बिजागरी तुटलेला एक लॅपटॉप माझ्याकडे पडून आहे. त्यात तुमच्या लॅपटॉपवर आहे तेच लिनक्स मिंट (लिनक्सचा एक प्रकार) टाकलं आणि उचलून चालायला लागलो. टेबलावर झकास. दुकानाच्या उंबऱ्यावर सिग्नल उणे ८६ (हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितका चांगला). समोरच्या चहाच्या गाड्यापाशी कनेक्शन तुटलं. परत आलो आणि मॉडप्रोबच्या फोल्डरमध्ये (तिथे ड्रायव्हरच्या सेटिंग लिहितात) एका ओळीची फाईल केली. या ड्रायव्हरला 'अँट सेल' नावाची सेटिंग आहे. ती शून्य असते तेव्हा ड्रायव्हर आपल्या मनाने अँटेना निवडतो, १ किंवा २ दिलं की सांगितलेली घेतो. मी २ दिलं आणि मशीन रीस्टार्ट केलं. त्याच उंबऱ्यावर उणे ५८. गाड्यापाशी उभं राहून चहा संपेपर्यंत व्हिडिओ एकदाही अडकला नाही. चहावाल्याला वाटलं लॅपटॉप विकायला आणलाय. (कुणी स्वतः करून बघणार असेल तर इंग्रजीत लिहिताना अँट आणि सेल यांच्यामध्ये अंडरस्कोर हवा, जागा सोडली तर चालत नाही.)

आता कार्डाचं. तुमचं कार्ड बदललेलं नाही काका, आणि हे माझ्या शब्दावर ठेवू नका. प्रत्येक वायफाय कार्डाला स्वतःचा मॅक ॲड्रेस, म्हणजे ओळख नंबर, असतो, तुमचा जॉब कार्डावर लिहिलेला आहे. झाकण तुमच्यासमोर उघडतो, कार्डाच्या लेबलवर तोच छापलेला असेल. तुमचा राऊटर जुन्या डिव्हायसची यादी ठेवत असेल तर विंडोजच्या काळापासून तोच नंबर तिथेही सापडेल.

लिनक्स फुकट आहे, त्याचा एक रुपयाही घेतलेला नाही. १,२०० रुपये तुमच्या सगळ्या फायलींचा बॅकअप घेऊन परत भरणं, मराठी टायपिंग, प्रिंटर आणि बसवण्याची मजुरी यांचे होते. बिलावर तसं मांडलेलं आहे. आणि विंडोज आम्ही तुमच्या गळ्यावर बसून काढलं नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि तुमचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. मुदतवाढीचा मार्गही सांगितला होता. तुम्ही म्हणालात, 'एकदाच काय ते करून टाक.' हे मात्र माझ्या चांगलं लक्षात आहे.

रविवारी दुपारनंतर दुकान बंद असतं, तेव्हा मी तुमच्याकडे येतो. यायचे पैसे नाहीत, आणि तीन चकरांच्या पेट्रोलपोटी बिलातले ३०० रुपये परत आणतो. तुमच्या मशीनला १ लागतं की २, ते तिथेच कळेल. दोन्हींनी जमलं नाही तर वायर दुसऱ्या बटणावर बसवून बघू. तेही नाही झालं तर यूएसबी डोंगल (बाहेरून खोचायचं वायफाय) माझ्या खर्चाने. पण तोपर्यंत बाजारातून डोंगल आणू नका. काही स्वस्त डोंगल लावल्यावर आधी सीडी ड्राइव्ह म्हणून दिसतात, कारण विंडोजचा ड्रायव्हर त्यांच्या पोटात भरलेला असतो. मग तुम्ही मला 'वायफाय मागितलं तर सीडी दिली' म्हणाल, आणि दुसरा रिव्ह्यू पडेल.

काल दोनदा फोन लावला, तुम्ही उचलला नाही. शनिवारी संध्याकाळी पुन्हा लावतो. आणि मी येणार म्हणून लॅपटॉप खाली हॉलमध्ये आणून ठेवू नका. वरच्या खोलीतच असू द्या, मी जिना चढून येतो.