स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा, आधी स्लिप वाचा

पीयूसीत, म्हणजे धुराच्या तपासणीत, जुनी गाडी नापास झाली की ठाण्यात काय आणि नवी मुंबईत काय, पुढचं नाटक ठरलेलं. ऑपरेटर मान हलवतो, बाजूचा कोणीतरी "कार्ब सेट करावा लागेल" असं सांगून मोकळा होतो, आणि दोन मिनिटांत मेकॅनिक बॉनेटमध्ये डोकं खुपसून कार्बचा, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरचा, मिक्श्चर स्क्रू पिळायला लागतो. हातातली स्लिप तोपर्यंत घडी घालून खिशात. अहो, आजार काय आहे ते त्याच कागदावर लिहून दिलंय! वाचा की जरा.

दोनच आकडे असतात. सीओ (कार्बन मोनॉक्साइड) म्हणजे अर्धवट जळलेलं पेट्रोल, एचसी (हायड्रोकार्बन) म्हणजे न जळता तसंच बाहेर पडलेलं. भारत स्टेज दोनच्या (सरकारी प्रदूषण नियमांचा एक टप्पा) आधीच्या पेट्रोल कारला सीओ ३ टक्के आणि एचसी १५०० पीपीएमपर्यंत (दहा लाखांत इतके भाग) चालतं. स्टेज दोन आणि तीनला ०.५ टक्के आणि ७५०. आता सीओ ५ आणि एचसी ६०० आलं, तर इंजिनात पेट्रोल जास्त जातंय. सीओ अर्धा टक्का आणि एचसी २२०० आलं, तर गाडी मिसिंग करतेय, कुठल्यातरी सिलिंडरमधलं मिश्रण पेटतच नाहीये. या दुसऱ्या गाडीचा स्क्रू आत पिळला की मिश्रण आणखी पातळ होतं (पेट्रोल कमी, हवा जास्त), मिसिंग वाढतं आणि एचसी २२०० चं ३००० होतं. मग मेकॅनिक म्हणणार, "इंजिन खोलावं लागेल, साहेब." कशासाठी? चार प्लग आणि एक फाटका पाइप यासाठी?

आणि गाडी मॉडिफाय केलेली असेल तर विचारूच नका. जुनी जिप्सी, झेन, एस्टीम घ्यायची, कंपनीचा एअर क्लीनरचा डबा काढून फेकायचा आणि कार्बच्या तोंडावर शंकूसारखा फिल्टर बसवायचा, कारण आवाज भारी येतो. त्या डब्याला किती पाइप जोडलेले होते हे बघितलं होतं का? क्रँककेसचा ब्रीदर (इंजिनाच्या पोटातली वाफ नेणारी नळी), गरम झाल्यावर हवा सोडणारा वॉल (व्हॉल्व्ह), व्हॅक्यूमच्या नळ्या. डबा गेला आणि या सगळ्यांची तोंडं उघडी पडली. मग गॅरेजमधला इलाज: नळीत एक पाच एमएमचा बोल्ट ठोकायचा. आज बॉनेट उघडून बघा. रबर उन्हातान्हात कडक झालेलं, बोल्टच्या आट्यांभोवती बारीक भेगा, आणि आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना, कान लावला की तिथून सुईएवढी शिट्टी. हीच ती चोरटी हवा, कार्बला चुकवून आत शिरणारी आणि मिश्रण पातळ करणारी. कार्बखालचं पॅकिंग, इन्सुलेटर ब्लॉक आणि ब्रेक बूस्टरचा पाइप या चोरीचे बाकीचे अड्डे. शोधायला अक्कल लागत नाही: इंजिन आयडलला ठेवा, स्प्रेच्या बाटलीत साधं पाणी घ्या, एकेका जोडावर मारा. आयडल बदललं की चोर सापडला. कार्ब क्लीनरचा स्प्रे मारणारे शूर लोक आहेत. तापलेल्या मॅनिफोल्डवर पेटणारी वस्तू का मारायची, हे त्यांनाच ठाऊक.

फ्री-फ्लो एक्झॉस्टवाल्यांचा वेगळा पाढा. आधी कॅट (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा डबा) कापून टाकायचा, मग स्टेज दोनची गाडी ०.५ टक्क्यात बसत नाही म्हणून मशीनला शिव्या द्यायच्या. अहो, इंजेक्शनची गाडी ठणठणीत असली तरी कॅटशिवाय ती त्या मर्यादेच्या काठावरच असते. तो आकडा कॅट धरूनच ठरवलाय. नवा कॅट बसवणार असाल तर आधी मिसिंग आणि ऑइल जळणं बंद करा. न जळलेलं पेट्रोल आत जाऊन पेटतं, आतली जाळी वितळते, आणि हजारो रुपयांचा कॅट काही आठवड्यांत सायलेन्सरमधला दगड होतो.

त्याहून खट्याळ प्रकार हेडरच्या, म्हणजे इंजिनाला लागूनच्या एक्झॉस्ट पाइपच्या, जोडाचा. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी कुठेही गळती असेल, तर एक्झॉस्टच्या दोन ठोक्यांमध्ये बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटतं मिश्रण पातळ आहे. इसीयू, म्हणजे इंजेक्शन चालवणारा कंप्युटर, बिचारा पेट्रोल वाढवतो. म्हणजे गळती हवेची आणि चढतो सीओ! इथे इंजेक्टर साफ करून, सेन्सर बदलून, इसीयू "रिमॅप" करून लोकांनी किती पैसे उडवलेत त्याला गणती नाही, आणि दुखणं असतं दीडदमडीच्या गॅस्केटचं. सकाळी थंड इंजिन सुरू करा, सायलेन्सरच्या तोंडावर ओलं फडकं दाबून धरा, दुसऱ्याला जोडांवर साबणाचं पाणी लावायला सांगा. बुडबुडा आला की झालं. मग मल्टिमीटर लावून सेन्सर बघा. गरम इंजिनवर २५०० आरपीएमला व्होल्टेज ०.१ ते ०.९ मध्ये सतत उड्या मारलं पाहिजे, दहा सेकंदांत सात-आठ वेळा तरी. एका जागी बसून राहिलं तरच सेन्सरवर संशय घ्या.

आता तो थर्मोस्टॅट, इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा वॉल. "आपल्याकडे गरमी आहे, वॉलची गरज नाय," हे वाक्य कोणत्या महाभागाने पहिल्यांदा उच्चारलं कोण जाणे! वॉल काढला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरत राहतं. पाम बीच रोडवर पहाटे साठच्या स्पीडने गेलात तर तापमानाची सुई अर्ध्यावरही चढत नाही. इंजेक्शनची गाडी समजते की इंजिन अजून थंड आहे आणि पेट्रोल वाढवते. ऑटो चोक (थंड इंजिनला आपोआप जास्त पेट्रोल देणारी झडप) असलेल्या कार्बला पाण्याने उष्णता मिळते, तिथे चोक अर्धवट बंदच राहतो. काही शे रुपयांचा वॉल. परत बसवा. बसवण्याआधी भांड्यात पाणी तापवून त्यात टाका. वॉलवर छापलेल्या अंशांच्या आसपास उघडायला लागला तर चांगला.

एचसी जास्त असेल तर पुढचा मोर्चा इग्निशनकडे. प्लगचा गॅप ०.७ ते ०.८ मिमी. चारही प्लग ओळीने मांडा. तीन तपकिरी आणि एक ओला काळा असेल, तर कार्बला हात लावू नका, आजार त्या एकाच सिलिंडरचा आहे. एचटी केबलचा (प्लगपर्यंत ठिणगीचा करंट नेणारी वायर) रेझिस्टन्स मोजा. सुझुकीच्या इंजिनांना मीटरमागे १० ते २२ किलोओम ठीक. डिस्ट्रिब्युटर कॅप उघडून आतून बघा. खाडीकाठच्या दमट हवेत, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, आत पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर ठिणगी तिथूनच पळून जातेय. टॅपेटही, म्हणजे वॉल उघडणाऱ्या भागातली फट, बघा. या घराण्यातल्या इंजिनांना थंड असताना ०.१५ मिमीच्या आसपास फट लागते, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये. "टॅपेटचा आवाज नको" म्हणून घट्ट केले की एक्झॉस्ट वॉल नीट बसत नाही, कॉम्प्रेशन गळतं आणि एचसी चढतं. आवाज करणारा टॅपेट बरा, मुका नको.

सीओ चढलेला असेल तर फ्लोट, म्हणजे कार्बच्या चेंबरमधली पेट्रोलची पातळी सांभाळणारा तरंगता भाग. ज्या कार्बला काचेची खिडकी आहे, तिथे पेट्रोलची पातळी खुणेवर हवी. वर दिसली तर पेट्रोल अडवणारी सुई झिजलीय. डिपस्टिकच्या ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर आधी ऑइल बदला, कारण ती वाफ ब्रीदरमधून परत इंजिनातच जाते आणि तुम्ही कार्बला दोष देत बसता.

त्यात पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे कार्बमधला जुना जेट (पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) तोच राहिला तर मिश्रण आपोआप पातळ होतं. सीओ खाली येतो म्हणून लोक खूश! पण जी गाडी आधीच काठावर होती ती आयडलला फडफडायला लागते आणि एचसी चढतं. शिवाय इथेनॉल टाकीतला वर्षानुवर्षांचा चिकटा सोडवून जेटमध्ये आणून बसवतं. फिल्टर बदला, आयडल जेट काढून हवेने फुंका. तारेने कोरू नका! कोरलेला जेट मोठा होतो, मग सीओचं रडगाणं नव्याने.

सेंटरवाल्यांनाही सोडत नाही. प्रोब, म्हणजे मशीनची सायलेन्सरमध्ये घालायची नळी, किमान ३०० मिमी आत गेला पाहिजे. इकडे चार बोटं आत सारून ऑपरेटर मोबाइलमध्ये. फ्री-फ्लोचं तोंड रुंद आणि आखूड, बाहेरची हवा मिसळते आणि आकडा खोटाच येतो. स्क्रीनवर सीओटू (कार्बन डायऑक्साइड) आणि ओटू (ऑक्सिजन) दिसत असेल तर बघा: धड इंजिनला आयडलवर सीओटू १३-१४ टक्क्यांच्या घरात असतो. ९ दिसला आणि ओटू ७-८, तर एकतर प्रोब बाहेर आहे किंवा एक्झॉस्ट गळतोय, त्या रीडिंगला काडीचा अर्थ नाही. तुमच्या आधी धूर ओकणारी टू-स्ट्रोक लागली असेल तर नळीत तिचं तेल चिकटलेलं असतं. प्रोब हवेत धरून एचसी शून्याजवळ आल्याशिवाय पाइपात घालू देऊ नका. सांगायला लाज वाटून घेऊ नका, पैसे तुम्ही देताय. आणि नंबर प्लेटचा फोटो काढून प्रोब न लावता सर्टिफिकेट देणारे? त्यांच्याकडे रांग सगळ्यात मोठी. धन्य!

टेस्टला जाताना घोडबंदरला गायमुखच्या ट्रॅफिकमध्ये तासभर उकळलेली कार्बची गाडी थेट मशीनला लावू नका. चेंबरमधलं पेट्रोल उकळून थेट मॅनिफोल्डमध्ये झिरपतं आणि सीओ उगाच चढतो. पंधरा-वीस मिनिटं मोकळ्या रस्त्यावर चालवा आणि मग लगेच लावा. कॅट असलेली गाडी रांगेत बंद ठेवू नका. कॅट कामाला लागायला अडीचशे-तीनशे अंश लागतात, थंड झाला की नुसता डबा.

हे सगळं झाल्यावर स्क्रू. एसी, पंखा, दिवे बंद, आयडल ८५०-९०० वर. कंपनीने स्क्रूवर ठोकलेलं बूच बहुतेकदा आधीच्या कुणीतरी उडवलेलं असतंच. इंजिन बंद करून स्क्रू हलक्या हाताने आत टेकवा, आवळलात तर टोक चेपेल. अडीच फेरे बाहेर काढून इंजिन सुरू करा. आरपीएम सगळ्यात जास्त आणि स्थिर होईल तिथपर्यंत फिरवा, मग आरपीएम पन्नासने पडेपर्यंत आत घ्या आणि आयडल पुन्हा जागेवर आणा. ३ टक्क्यांच्या मर्यादेला सीओ दीड-दोनवर थांबवा. ०.३ करून शेखी मिरवू नका. बाकीचं काम आधी नीट झालं असेल, तर इथे अर्ध्या फेऱ्यापलीकडे हात फिरवावा लागत नाही.