सरपंच, एकत्र नियोजन म्हणजे हद्दवाढ नव्हे

नमस्कार सरपंच,

आता पदावर नाही असं तुम्हीच लिहिलंय, पण गावात एकदा 'सरपंच' झालेला माणूस सरपंचच राहतो, म्हणून मीही तसंच म्हणतो.

तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. पुणे शहर आणि भोवतालच्या गावांनी जमिनीचा विकास एकत्र बसून ठरवावा, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत, "एकत्र म्हणजे मोठ्यानं लहानाला गिळायचं. पाणी शहराला, कचरा गावाला आणि आरक्षणं आमच्या सातबाऱ्यावर. पीएमआरडीएनं इतकी वर्षं घालवून आराखडा केला, तोही रद्द झाला. आता परत तेच कशाला?" (पीएमआरडीए म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण; आरक्षणं म्हणजे आराखड्यात रस्ता, बाग अशा कामांसाठी राखून ठेवलेल्या जमिनी.)

कचऱ्याबद्दल मला वादच घालायचा नाही. उरुळी देवाची आणि फुरसुंगीनं पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं सोसला. ज्यांच्या विहिरी नासल्या त्यांना 'समन्वय' हा शब्द ऐकूनच संताप येणार. 'गावांनी अविश्वास सोडावा' असं एक वाक्य माझ्या लेखात होतं. ते लिहायला नको होतं, काढून टाकलंय.

पण गिळण्याबद्दल मात्र माझं मत उलटं आहे. एकत्र नियोजन होत नाही, म्हणूनच गावं गिळली जातात. हद्दीबाहेर आधी इमारती उभ्या राहतात. रस्ता पाणंदीएवढाच राहतो, सांडपाणी ओढ्यात जातं, उन्हाळ्यात टँकरच्या रांगा लागतात. ग्रामपंचायतीकडे ना तेवढा पैसा, ना माणसं. मग एक दिवस नवे रहिवासीच म्हणायला लागतात, आम्हाला महापालिकेत घ्या. २०१७ मध्ये ११ गावं आत गेली, ३० जून २०२१ ला आणखी २३. उरुळी देवाची आणि फुरसुंगी त्या ११ मधली, आणि काही वर्षांत ती स्वतंत्र नगर परिषद होऊन बाहेरही आली. हद्दीची रेघ पुढे सरकवायची, मागे घ्यायची, याला मी नियोजन म्हणत नाही. वीस वर्षं आधी शेजाऱ्यांनी जे बोलायला हवं होतं ते न बोलल्याचा हा परिणाम आहे.

आमच्या घराजवळचंच सांगतो. गावांची नावं मुद्दाम देत नाही. शहराच्या आराखड्यातला रुंद रस्ता हद्दीच्या दगडापर्यंत व्यवस्थित येतो. फूटपाथचा शेवटचा ब्लॉक बसवलाय आणि त्याला लागून मुरूम सुरू होतो. पलीकडच्या नकाशात तोच रस्ता अर्ध्या रुंदीचा आहे आणि हातभर बाजूला सरकलेलाही. रस्त्याखालून शहराचं पावसाळी गटार येतं. माणूस वाकून आत जाईल एवढा सिमेंटचा पाइप हद्दीवर संपतो आणि उघड्यावर सुटतो. तो सुटतो कुठे, तर पलीकडच्या गावातल्या एका शेतकऱ्याच्या ज्वारीत. गेल्या पावसाळ्यात मी त्यांच्या बांधावर उभा होतो. पाण्यानं कापत नेलेली माती, मध्ये गुडघाभर चर, चरात प्लास्टिक. त्यांनी दोन्हीकडे अर्ज दिलेत. एकीकडे सांगतात पाइप आमचा पण शेत आमच्या हद्दीत नाही, दुसरीकडे सांगतात शेत आमचं पण पाइप आमचा नाही. इथं नुकसान गावाचंच झालंय, सरपंच. आणि दोन नकाशे एका टेबलावर ठेवले असते तर ते टळलं असतं.

पाणी उलटंही येतं. २५ सप्टेंबर २०१९ ची पुराची रात्र पुण्यात कुणी विसरलेलं नाही. आंबिल ओढा कात्रजच्या डोंगरातून उतरतो. भिलारेवाडी, मांगडेवाडी, गुजर-निंबाळकरवाडी हा भाग तेव्हा महापालिकेबाहेर होता. खाली पद्मावती, सहकारनगर, दांडेकर पूल. अरण्येश्वरजवळच्या टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून माणसं गेली, शहर-जिल्हा मिळून त्या पुरात वीसहून जास्त. दोष वरच्या गावांचा असं मी म्हणत नाही. ओढा शहरानंही आवळलाच होता. पण उगमापासून संगमापर्यंत एका ओढ्याचा विचार करणारी एकही यंत्रणा त्या रात्री नव्हती, हे मला आजही अस्वस्थ करतं.

आता रद्द झालेल्या आराखड्याबद्दल. पीएमआरडीए २०१५ मध्ये स्थापन झालं, प्रारूप आराखडा ऑगस्ट २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, साठ हजारांहून जास्त हरकती आल्या, आणि २०२५ मध्ये सरकारनं तो रद्द केला. यावरून एकत्र नियोजन फसतं, असा अर्थ तुम्ही काढता. मला त्यात वेगळंच दिसतं. ७४ व्या घटनादुरुस्तीनं महानगर नियोजन समिती सांगितली आहे. तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य नगरसेवकांनी आणि पंचायतींच्या अध्यक्षांनी आपल्यातूनच निवडून द्यायचे असतात. पालिका आणि पंचायतींचे आराखडे, पाण्याची वाटणी, सामायिक सोयी हे सगळं तिनं पाहायचं. पुण्यात या जागांच्या निवडणुका झाल्या नोव्हेंबर २०२१ मध्ये, म्हणजे प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर. वरातीमागून घोडं! गावांचा पहिला शब्द हरकत म्हणूनच नोंदवला गेला. शेजारी बसून काढलेला आराखडा आपण अजून पाहिलेलाच नाही, मग तो फसला असं कसं म्हणायचं?

तुमच्या म्हणण्यातली एक अडचण मात्र खरी आहे. समितीतल्या जागा लोकसंख्येच्या प्रमाणात वाटल्या जातात, त्यामुळे गावं कायम अल्पमतात राहणार. म्हणून माझं मत असं, की हद्दीवरचे रस्ते, ओढे आणि कचऱ्याच्या जागा यांचा निर्णय मतदानानं होऊच नये. दोन्ही बाजूंच्या ठरावाशिवाय पुढे जायचं नाही, मग तो ठराव ग्रामसभेचा असो की महापालिकेच्या मुख्य सभेचा. वेळ जास्त लागेल, लागू दे.

आणि आरक्षणं. जमिनीच्या एका गटावर बाग आणि शेजारच्या गटाला भाव, हा अन्याय नेहमीच्या आराखड्यात होतोच. नगररचना योजनेत तो कमी होतो. सगळ्यांच्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते आणि मोकळ्या जागा सगळ्यांच्या वाट्यातून काढायच्या, उरलेले भूखंड नीट आखून मूळ मालकांना परत द्यायचे. हे काही नवीन खूळ नाही. याचा कायदा मुंबई इलाख्यात १९१५ सालचा. शिवाजीनगर, म्हणजे जुनं भांबुर्डा गाव, असंच आखलं गेलं. तिथल्या जुन्या पत्त्यांत अजून 'एफ. पी. नंबर' लिहितात, तो अंतिम भूखंडाचा क्रमांक.

एक विनंती आहे. तुमच्या गावानं ओढ्याबद्दल ग्रामसभेत ठराव केला होता असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. त्याची प्रत असेल तर पाठवा. पावसाळ्याआधीच्या एका रविवारी आम्ही काही जण आमच्या बाजूनं ओढ्याच्या काठानं हद्दीच्या दगडापर्यंत चालत येणार आहोत, नकाशाची गुंडाळी घेऊन. तुम्ही तुमच्या बाजूनं या, तुमचा नकाशाही आणा. ज्वारीवाल्या शेतकऱ्यांनी बांधावर चहाचं कबूल केलंय.